दामाजीची पावती

बंगळूरहून म्हैसूरला जाणाऱ्या आगगाडीच्या खिडकीतून नारळीच्या बागा, उसाची शेते, लहानमोठी तळी आणि रामनगरजवळचे प्रचंड कातळ दिसतात. आज हा प्रवास थोड्या तासांचा आणि सुखाचा आहे. परंतु या मार्गाचा पहिला भराव ज्यांनी घातला, ती माणसे प्रवासाच्या हौसेने तेथे आलेली नव्हती. इ. स. १८७५ आणि १८७६ या लागोपाठच्या दोन वर्षी पावसाने दगा दिला आणि म्हैसूर संस्थानावर भीषण दुष्काळ कोसळला. घरातले धान्य संपले, मग गुरे गेली, मग भांडीकुंडी विकली गेली आणि अखेरीस माणसे पोराबाळांना घेऊन बंगळूरची वाट चालू लागली. अन्नछत्रे उघडण्यात आली आणि ज्यांच्या अंगी काम करण्याइतके बळ उरले होते, त्यांना दुष्काळी कामांवर धाडण्यात आले. बंगळूर-म्हैसूर लोहमार्ग हे त्यांपैकी एक प्रमुख काम होय. इ. स. १८८२ मध्ये हा मार्ग म्हैसूरला पोहोचला.

त्या भुकेल्या मजुराच्या पदरात पडलेले धान्य ही सरकारने त्याच्यावर केलेली दया होती, की तो त्याचा न्याय्य हक्क होता? आणि ती दया असेल, तर तिची किंमत शेवटी कोणी मोजली? हे दोन प्रश्न दुष्काळाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा उभे राहतात. वस्तुतः ते दुष्काळाहूनही जुने आहेत. ईश्वर न्यायी आहे असे सर्व धर्म सांगतात. तो दयाळू आहे असेही सर्व धर्म सांगतात. पण न्याय म्हणजे ज्याचे त्याला चोख देणे, आणि दया म्हणजे ज्याचे नाही त्यालाही देणे. मग एकाच ठायी या दोन गोष्टी कशा नांदाव्यात? पंडितांनी या प्रश्नावर ग्रंथ लिहिले. मराठी मुलखातील सामान्य माणसाने मात्र त्याचे उत्तर एका गोष्टीत साठवून ठेवले, आणि ती गोष्ट एका सरकारी कोठाराची आहे.

त्या गोष्टीकडे जाण्यापूर्वी बंगळूरचा आणि मराठी वहीचा संबंध थोडा पाहिला पाहिजे. इ. स. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने केंपेगौडाचे हे शहर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. शहाजीराजांनंतर त्यांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांच्याकडे हा कारभार आला. आज बंगळूरच्या ज्या भागाला मल्लेश्वरम् म्हणतात, तेथील काडू मल्लेश्वराच्या देवालयाजवळ इ. स. १६६९ चा एक शिलालेख आहे. त्यात एकोजीराजांनी या देवाला एक गाव इनाम दिल्याची नोंद आहे. भोसल्यांचे राज्य पुढे तंजावरास गेले, बंगळूर म्हैसूरच्या वडियारांकडे आले. परंतु मराठी कारकून आणि त्याचे मोडी दप्तर दक्षिणेतील कचेऱ्यांत त्यानंतरही दीर्घकाळ टिकून राहिले. जमा, खर्च, बाकी, सूट, पावती हे शब्द त्या दप्तराचे प्राण होते. देवाच्या न्यायाचा विचारही मराठी माणसाने बहुधा याच शब्दांत केला. यमाच्या दरबारी चित्रगुप्त वही घेऊन बसलेला असतो, या कल्पनेला पुराणाचा आधार असेल. पण ती कल्पना गावोगावी रुजली, याचे कारण प्रत्येक गावाने आपला कुलकर्णी वही घेऊन बसलेला पाहिला होता.

रोजच्या बोलण्यातही हीच वही उघडी असते. करावे तसे भरावे, असे म्हातारी माणसे सांगतात. देवाच्या काठीला आवाज नसतो, असे अन्याय सोसणारा मनाशी म्हणतो. आणि तीच माणसे घरी संकट आले म्हणजे देवापुढे पदर पसरून सांगतात की आमचे काही चुकले असेल तर पोटात घाल. दुसऱ्याच्या बाबतीत न्याय आणि आपल्या बाबतीत दया, अशी मनुष्यस्वभावाची मागणी आहे. त्यात लबाडी थोडी आणि अगतिकता फार असते.

प्राचीन ग्रंथकारांना ही अडचण ठाऊक होती. महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषीची कथा आहे. चोर त्याच्या आश्रमात लपले, मौनव्रती ऋषी काही बोलला नाही, आणि राजाच्या माणसांनी चोरांबरोबर त्यालाही सुळावर चढविले. तो तपोबलाने जगला. राजाने क्षमा मागितली तेव्हा त्याने राजाला क्षमा केली; पण तो सरळ धर्मराज यमाच्या सभेत गेला आणि त्याने विचारले की माझ्या कोणत्या कर्माचे हे फळ? धर्माने वही पाहून सांगितले की लहानपणी तू किड्यांना गवताची काडी टोचली होतीस. तेव्हा ऋषीने धर्मालाच दोषी ठरविले. अपराध अल्प आणि शिक्षा अघोर, हा न्याय नव्हे, असे म्हणून त्याने दोन गोष्टी केल्या: धर्माला मनुष्यजन्म घेण्याचा शाप दिला आणि यापुढे चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाचे कर्म पाप म्हणून गणले जाऊ नये, अशी मर्यादा घालून दिली. तोच धर्म पुढे विदुर म्हणून जन्माला आला. या कथेचे धैर्य लक्षात घेण्यासारखे आहे. वहीत नोंद खरी होती, बेरीजही खरी होती. तरीही निवाडा चुकला होता, आणि एका मनुष्याने देवाच्या दरबारात उभे राहून तो चुकला असे म्हटले. न्यायाला माप लागते, आणि ते माप माणसाचे वय व अजाणतेपण पाहून ठरते, हा धडा या कथेने धर्मालाच दिला.

भागवताच्या सहाव्या स्कंधातील अजामिळाची कथा हीच गाठ दुसऱ्या टोकाने सोडवू पाहते. आयुष्यभर दुराचरण केलेला अजामिळ मरणसमयी घाबरून आपल्या धाकट्या मुलाला हाक मारतो. मुलाचे नाव नारायण. तेवढ्यावर विष्णुदूत धावून येतात आणि यमदूतांचा पाश थांबवतात. मग त्या दोन पक्षांत जो वाद होतो, तो एखाद्या कचेरीतील वादासारखा आहे. यमदूत कायदा सांगतात, साक्षीदार सांगतात, कर्माचा नियम सांगतात. विष्णुदूतही आपली बाजू शास्त्राने मांडतात. त्यांच्या मते नामोच्चार हेच पुरे प्रायश्चित्त आहे. ही कथा पुष्कळदा स्वस्त सुटकेची म्हणून सांगितली जाते. परंतु तिचा शेवट फार थोड्यांना आठवतो. अजामिळ त्याच क्षणी वैकुंठाला जात नाही. तो जिवंत राहतो, झालेला वाद आठवून पश्चात्ताप पावतो, घर सोडून गंगाद्वारी जातो आणि तेथे साधना केल्यानंतरच त्याला विष्णुलोक मिळतो. म्हणजे देवाच्या दयेने त्याचे खाते फाडून टाकले नाही. बाकी फेडण्यास त्याला मुदत दिली.

मांडव्याच्या कथेने न्यायाला माप दिले, अजामिळाच्या कथेने दयेला मुदत दिली. तिसरा प्रश्न उरला तो खर्चाचा. आणि तो प्रश्न मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांच्या गोष्टीने विचारला.

सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे हे पंढरपूरच्या शेजारचे जुने ठाणे. बहामनी राजवटीत दामाजीपंत तेथील अधिकारी होते, असे परंपरा सांगते. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा दुष्काळ इ. स. १४५८ ते १४६० च्या सुमाराचा मानला जातो. कथा महिपतीने इ. स. १७६२ मध्ये पुऱ्या केलेल्या ‘भक्तविजय’ ग्रंथात सविस्तर आली आहे आणि कीर्तनकारांनी ती घरोघरी पोहोचविली आहे. लोक अन्नावाचून मरू लागले. सरकारी पेवांत धान्य भरलेले होते. दामाजीपंतांनी ती पेवे लोकांसाठी मोकळी केली. हाताखालच्या अधिकाऱ्याने ही गोष्ट बिदरास कळविली. सुलतानाने पंतांना पकडून आणण्यास शिपाई पाठविले. पंत विठोबाचे शेवटचे दर्शन घेऊन बिदरची वाट चालू लागले. इकडे त्यांच्या आधीच बिदरच्या दरबारात एक महार येऊन उभा राहिला. त्याने आपले नाव विठू सांगितले, दामाजीपंतांचा निरोप सांगितला, धान्याची पुरी किंमत मोजून दिली आणि शिक्क्याची पावती घेतली. ती पावती वाटेत पंतांना त्यांच्या गीतेच्या पोथीत सापडली.

या कथेत चमत्कार आहे, आणि इतिहास चमत्काराची साक्ष देऊ शकत नाही. पण कथा रचणाऱ्या आणि ऐकणाऱ्या समाजाच्या मनाची साक्ष ती निश्चित देते. देवाला दुसरे मार्ग नव्हते काय? तो सुलतानाला अंधळा करू शकला असता, शिपायांचे रस्ते चुकवू शकला असता, किंवा रिकामी पेवे पुन्हा धान्याने भरू शकला असता. पुराणांत असे प्रकार पुष्कळ आहेत. मंगळवेढ्याच्या गोष्टीतला देव यांपैकी काहीही करीत नाही. तो बाजारभावाने पैसे भरतो आणि पावती मागून घेतो. कारण धान्य दामाजीपंतांचे नव्हते. दुसऱ्याच्या मालावर केलेली दया ही न्यायाच्या दृष्टीने अफरातफर असते. आणि उपाशी माणसापुढे कुलूप राखीत बसणे हा दयेच्या दृष्टीने खून असतो. अधिकाऱ्याची ही कोंडी कथाकाराने बारकाईने ओळखली होती. त्याने सुलतानाला खलपुरुष केले नाही. रक्कम मिळताच सुलतान संतुष्ट होतो आणि पंतांचा सन्मान करतो. सुलतानाच्या धर्मातही ईश्वराच्या हाती न्यायाचा तराजू आहे, आणि कुराणाचे एक वगळता प्रत्येक प्रकरण त्या ईश्वराला दयाळू व कृपाळू म्हणूनच आरंभ करते. तेव्हा ही दोन धर्मांची लढाई नव्हती. धान्य वाटले ते बरोबरच केले; परंतु वाटलेल्या धान्याची किंमत कोणीतरी दिली पाहिजे, एवढेच या गोष्टीचे सांगणे आहे.

आणि ती किंमत कोणी दिली? देवाने महाराचे रूप घेतले, यातही व्यवहाराचे ज्ञान आहे. गावाचा वसूल ठाण्यापर्यंत पोहोचविणे हे जुन्या ग्रामव्यवस्थेत महाराच्या कामांपैकी एक काम होते. सरकारी रक्कम घेऊन आलेला महार पाहून बिदरच्या दरबारात कोणाला आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते. परंतु याच मंगळवेढ्यात, दामाजीपंतांच्या शतकाहून अधिक काळ आधी, संत चोखामेळा वेठीच्या कामावर असताना गावकुसाची भिंत कोसळून इ. स. १३३८ मध्ये मरण पावले, असे संतचरित्रे सांगतात. त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर आहे; देवळात त्यांना प्रवेश नव्हता. देवाने महाराचे रूप धारण केल्याची कथा कीर्तनात ऐकून पिढ्यांनी डोळे पुसले. मात्र ज्यांचे ते रूप होते त्यांच्यासाठी पंढरीचे देऊळ उघडण्यास इ. स. १९४७ उजाडावे लागले, आणि त्यासाठी त्या वर्षीच्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. दयेची किंमत ज्याने पोहोचविली, त्यालाच न्याय सर्वांत उशिरा मिळाला. दामाजीपंतांची गोष्ट सांगताना हा भाग गाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

मराठी राज्यकर्त्यांत ही गोष्ट मनावर घेतलेला एक पुरुष निश्चित झाला. तो बंगळूरच्या शहाजीराजांचाच धाकटा पुत्र आणि एकोजीराजांचा सावत्र भाऊ. इ. स. १६७६ मध्ये शिवाजीमहाराजांनी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास पाठविलेले पत्र उपलब्ध आहे. ज्या कुणब्याजवळ बैल नाही, बी नाही, पोटाला धान्य नाही, त्याला या वस्तू सरकारातून द्याव्या. दिलेल्याचे मुद्दल तेवढे, वाढीदिढी न करता, त्याची शक्ती आल्यावर थोडेथोडे घ्यावे. आणि या कामी दोन लाख लाऱ्यांपर्यंत खर्च पडला तरी चालेल, असा त्या पत्राचा आशय आहे. येथे दामाजीपंतांची कोंडी राहत नाही. पेव उघडण्याचा हुकूम धन्याकडूनच आला आहे, आणि तो हुकूम वहीत बसेल अशा भाषेत आहे. रक्कम ठरलेली, व्याज माफ, मुदत ऐपतीप्रमाणे. अधिकाऱ्याने दया करावी आणि पुढे देवाने निस्तरावे, अशी वेळच महाराजांनी ठेवली नाही.

एकोणिसाव्या शतकातील इंग्रज सरकारपुढे तोच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. इ. स. १८७३-७४ मध्ये बिहारात पीक बुडाले तेव्हा मदतकार्याची सूत्रे सर रिचर्ड टेंपल यांच्या हाती होती. त्यांनी ब्रह्मदेशातून सुमारे साडेचार लाख टन तांदूळ आणविला, उदार हाताने वाटला आणि भूकबळी जवळजवळ होऊ दिले नाहीत. दुष्काळात माणसे मेली नाहीत, ही त्या काळी असाधारण गोष्ट होती. परंतु धान्य काही शिल्लक उरले आणि खर्चाचा आकडा फुगला, म्हणून टेंपल यांच्यावर उधळपट्टीचा ठपका आला. त्यांच्यासाठी कोणी विठू पैसे घेऊन आला नाही. तीन वर्षांनी दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा हेच टेंपल काटकसरीचे प्रतिनिधी म्हणून फिरले. कष्टाचे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाकाठी एक पौंड धान्य आणि एक आणा पुरे, असे त्यांनी ठरविले. इतिहासात ती ‘टेंपल मजुरी’ म्हणून कुप्रसिद्ध झाली. एवढ्या धान्यावर खणतीचे काम करणारा माणूस जगू शकत नाही, असे मद्रासचे आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनी निक्षून सांगितले. पुणे-सोलापूरकडील दुष्काळी कामांवर इ. स. १८७७ च्या आरंभी हजारो मजुरांनी या मजुरीविरुद्ध काम सोडले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने गावोगावची हकीगत गोळा करून सरकारपुढे मांडली. टेंपल हा मूळचा निर्दय मनुष्य होता, असे म्हणता येत नाही. एकदा दया केल्याबद्दल ज्याला शिक्षा झाली, तो दुसऱ्यांदा वही घट्ट धरतो; आणि अशा वहीच्या पानांत माणसे गडप होतात.

म्हैसूर संस्थान त्या वेळी इंग्रज आयुक्तांच्या कारभाराखाली होते. तेथे मदतीला आरंभी विलंब आणि गोंधळ झाला. इ. स. १८७७ च्या सप्टेंबरात व्हाइसरॉय लॉर्ड लिटन दक्षिणेच्या दौऱ्यात बंगळूरला आले, आणि चार्ल्स इलियट यांना म्हैसूरचे दुष्काळ आयुक्त म्हणून नेमण्यात आले. लंडनच्या नगरपालाने उघडलेल्या निधीतूनही मदत आली. तरीही जे व्हायचे ते होऊन गेले होते. इ. स. १८७१ च्या खानेसुमारीत म्हैसूरची लोकसंख्या सुमारे साडेपन्नास लाख होती, इ. स. १८८१ च्या खानेसुमारीत ती सुमारे बेचाळीस लाख भरली. म्हणजे दहा वर्षांत वाढ होण्याऐवजी आठ लाखांहून अधिक माणसे कमी झाली. साऱ्या दक्षिण हिंदुस्थानात मिळून पन्नास लाखांहून अधिक माणसे या दुष्काळाने नेली, असा अंदाज आहे. आणि याच काळात देशातून विलायतेला गव्हाची निर्यात चालू होती.

म्हैसूरच्या खजिन्याची कथा या आकड्यांशी जोडून वाचली पाहिजे. दुष्काळापूर्वी संस्थानाची शिल्लक गुंतवणूक सुमारे त्रेसष्ट लाख रुपये होती. ती सगळी दुष्काळात संपली आणि वर हिंदुस्थान सरकारचे ऐंशी लाख रुपयांचे कर्ज झाले. इ. स. १८८१ मध्ये चामराजेंद्र वडियार यांच्या हाती राज्य परत सोपविण्यात आले, तेव्हा ते या कर्जासह सोपविण्यात आले. ज्यांना धान्य दिले त्यांच्याच भावंडांनी, मुलांनी आणि शेजाऱ्यांनी पुढची अनेक वर्षे कर भरून ते फेडले. बंगळूरच्या वाटेवर ज्यांचे आईबाप पडले, त्या मुलांच्या नावावर आईबापांना दिलेल्या पेजेची बाकी निघाली. हिशेबाच्या दृष्टीने यात चूक दाखविता येणार नाही. मांडव्य ऋषीला दाखविलेल्या वहीतही चूक नव्हती.

नव्या राज्याचे पहिले दिवाण रंगाचार्लू यांनी त्याच वर्षी एक वेगळी गोष्ट केली. गावोगावचे रयत व व्यापारी यांचे प्रतिनिधी दसऱ्याच्या सुमारास म्हैसूरला बोलावून त्यांनी संस्थानाचा जमाखर्च आणि पुढचे बेत त्यांच्यापुढे मांडले. या प्रतिनिधिसभेला हुकूम देण्याचा अधिकार नव्हता; ती ऐकणार होती आणि गाऱ्हाणी सांगणार होती. तरीही जे कर्ज फेडणार होते, त्यांना वही उघडून दाखविली गेली, ही गोष्ट लहान नाही. ज्याच्या खर्चाने दया व्हायची, त्याला ती दया करण्यापूर्वी विचारले पाहिजे, या विचाराचा तो आरंभ होता.

दुसरा आरंभ बंगळूरच्या अनुभवातून झाला. म्हैसूरचे दुष्काळ आयुक्त इलियट यांनी तेथील दुष्काळाचा अहवाल लिहिला आणि पुढे सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या दुष्काळ आयोगाचे ते चिटणीस झाले. आयोगाचा अहवाल इ. स. १८८० मध्ये आला आणि त्यावरून दुष्काळ संहिता तयार झाली. पेव केव्हा उघडावे, मजुरी किती द्यावी, दुबळ्यांना काम न करता काय द्यावे, हे आता अधिकाऱ्याच्या अंतःकरणावर किंवा त्याच्या भीतीवर सोडलेले नव्हते. निदान कागदावर तरी ते ठरले. ती संहिता कंजूष होती, आणि इ. स. १८९६ पासूनच्या दुष्काळांत तिच्या मर्यादा पुरत्या उघड झाल्या. परंतु दामाजीपंतांना जो निर्णय एकट्याने घ्यावा लागला, तो नियमात उतरविण्याचा तो प्रयत्न होता.

या वाटेचा पुढचा टप्पा पुन्हा महाराष्ट्रात आहे. इ. स. १९७२ च्या भीषण अवर्षणात महाराष्ट्रात लक्षावधी माणसे खडी फोडण्याच्या, बांध घालण्याच्या आणि पाझर तलाव खणण्याच्या कामांवर होती. हाल अपरंपार झाले, पण १८७७ ची पुनरावृत्ती झाली नाही. वि. स. पागे यांच्या चिंतनातून आलेली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर उभी राहिली. तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला आणि मागेल त्याला काम हा ग्रामीण माणसाचा कायदेशीर हक्क ठरला. इ. स. २००५ मध्ये संसदेने याच धर्तीचा कायदा देशासाठी केला. या इतिहासात एक लहानशी नोंद आहे, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. योजनेला पैसा हवा म्हणून महाराष्ट्राने इ. स. १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविला. मुंबई-पुण्यातील नोकरदाराच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम कापली जाऊ लागली, आणि ती माणदेशातील किंवा मराठवाड्यातील बांधावर मजुरी होऊन पोहोचू लागली. पगारपत्रकातील त्या कपातीबद्दल कुरकुर करणाऱ्या कारकुनाला कदाचित कधी सुचले नसेल की बिदरच्या दरबारात विठू महाराने जे काम केले, तेच काम त्या पत्रकावरचा तो लहान आकडा करीत होता.

ईश्वराचा न्याय आणि ईश्वराची दया यांचा मेळ कसा बसतो, हे माणसाला पूर्णपणे कळण्यासारखे नाही. माणसाच्या व्यवहारात तो कसा बसतो, हे मात्र या इतिहासावरून कळते. कोणीतरी किंमत मोजतो, तेव्हाच तो मेळ बसतो. ती मोजण्यास कोणी पुढे झाला नाही, तर दया अफरातफर ठरते आणि दयाळू अधिकारी पुढच्या वेळी कठोर होतो. ती किंमत दुर्बळांच्याच माथी मारली, तर दयेला दया म्हणण्यात अर्थ उरत नाही. आणि समर्थांनी ती समजून-उमजून, वही उघडी ठेवून, आपल्या वाट्यातून भरली, तर दयेचा हळूहळू हक्क होतो, आणि घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही.

पुढे दामाजीपंतांनी चाकरी सोडली आणि उरलेले आयुष्य भजनात घालविले, असे कथा सांगते. ते स्वाभाविक आहे. देवाला आपल्यासाठी एवढे कष्ट पडले, हे त्यांना सहन झाले नाही. मंगळवेढ्यात त्यांचे देऊळ आहे आणि पंढरीचे वारकरी तेथे माथा टेकतात. बंगळूर-म्हैसूर मार्गावर भराव घालणाऱ्यांचे देऊळ कोठेही नाही. त्या मार्गाचे रूळ पुढे बदलले, रुंदी बदलली, गाड्या वेगवान झाल्या. मातीचा तो जुना भराव मात्र पुष्कळ ठिकाणी तोच आहे. एक पौंड धान्याच्या त्या काळात तो टोपलीटोपलीने वाहिला गेला. ज्यांनी तो वाहिला त्यांची नावे कोणत्याही पावतीवर नाहीत, आणि त्यावरून गाडी रोज जाते.